इंजिन रुसले की वाट अडली? रिमोटवरच्या आगगाडीचा दोष शोधण्याचे शास्त्र

धाराशिव : बटण दाबले, रिमोटवरचा लाल दिवा लागला, इंजिनाने एक हिसका दिला आणि ते जागीच थांबले. दिवाळीच्या सुट्टीत दिवाणखान्यात मोठ्या हौसेने मांडलेला लोहमार्ग अशा एका क्षणात निष्प्राण होतो. मूल हिरमुसते, वडील सेल बदलून पाहतात, आजोबा इंजिन हातात घेऊन खालून-वरून न्याहाळतात. दोन दिवस प्रयत्न होतात आणि मग ते इंजिन खोक्यात, खोके माळ्यावर आणि पुढच्या साफसफाईत बहुधा भंगारात जाते.

वस्तुतः असे टाकून दिलेले इंजिन पुष्कळदा धडधाकट असते. मोटर जळणे किंवा इलेक्ट्रॉनिक पट्टी निकामी होणे हे दोष संभवतात. परंतु त्यापेक्षा सेलच्या टोकावरचा गंज, रुळावरचा काळा थर, आसाभोवती गुंडाळलेला केस किंवा रिमोट व इंजिन यांची तुटलेली जोडणी ही कारणे अधिक वेळा आढळतात. यातील बहुतेक दोष घरीच आणि अल्प खर्चात दूर होऊ शकतात. त्यासाठी कौशल्यापेक्षा क्रम महत्त्वाचा असतो. कोठून सुरुवात करावी आणि कोठे थांबावे हे कळले, तर माळ्यावरची कित्येक इंजिने पुन्हा धावू लागतील.

पाच टनांचा नियम

धाराशिव जिल्ह्याला छोट्या रेल्वेचे अप्रूप नवे नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या बार्शी लाईट रेल्वेची पहिली गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी या मार्गावर धावली. हा मार्ग टप्प्याटप्प्याने वाढत येडशी, ढोकी या भागांतून १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. दुसऱ्या बाजूला तो पंढरपूरमार्गे १९२७ च्या सुमारास मिरजेला जाऊन भिडला. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. धाराशिव शहर, तेव्हाचे उस्मानाबाद, या अरुंद मार्गावर नव्हते. २००७ आणि २००८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे ब्रॉडगेज रूपांतर झाले, तेव्हा मार्ग वळवून शहर रेल्वेच्या नकाशावर आणण्यात आले. ज्यांनी येडशीच्या परिसरातून संथपणे जाणारी ती छोटी गाडी पाहिली, त्यांना खेळण्यातील इंजिनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

या इतिहासातील एक तांत्रिक मुद्दा आजच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. हलक्या रुळांवर जास्तीत जास्त भार वाहून नेता यावा म्हणून कॅलथ्रॉपने प्रत्येक आसावर सुमारे पाच टन एवढीच मर्यादा ठेवली आणि गाडीचे वजन सर्व आसांवर सारखे वाटले जाईल, अशी रचना केली. त्याच्या इंजिनांना म्हणूनच अनेक चाके होती. खेळण्यातील इंजिनाचे गणितही निराळे नाही. सर्व चाके रुळावर सारखी टेकली, तरच पकड मिळते. आणि ज्या गाड्यांना वीज रुळांतून मिळते, त्यांना पकडीबरोबर वीजही त्या टेकण्यातूनच मिळते. एक चाक अधांतरी राहिले, तर इंजिन अडखळू लागते.

प्रतिरूप रेल्वेच्या जगात १:८७ हे प्रमाण सर्वाधिक प्रचलित असून त्यास 'एचओ' म्हणतात. त्याच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. याच प्रमाणात बार्शी लाईटचा मार्ग करावयाचा झाल्यास ७६२ ला ८७ ने भागावे लागेल. उत्तर येते ८.७६ मिलिमीटर. 'एन' या लहान प्रमाणातील गाड्यांसाठी ९ मिलिमीटरचा रूळ बाजारात मिळतोच. नॅरोगेजचे हौशी प्रतिरूपकार त्याच रुळावर १:८७ प्रमाणाची इंजिने चालवितात. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून हा छंद मराठी कुटुंबांना प्रत्यक्ष दाखवीत आले आहे. तेथील चालत्या गाड्या पाहून घरी परतलेले मूल आगगाडीचा हट्ट धरते, हे ओघानेच आले.

आधी जात ओळखावी

दोष शोधण्यापूर्वी गाडी कोणत्या जातीची आहे, हे ओळखणे आवश्यक असते. एका जातीचा उपाय दुसरीला लावल्यास नुकसान होऊ शकते.

पहिली जात सेलवर चालणाऱ्या गाड्यांची. खेळण्यांच्या दुकानात दिसणाऱ्या बहुसंख्य गाड्या याच प्रकारातील असतात. सेल इंजिनाच्या पोटात किंवा मागील डब्यात असतो, रूळ प्लॅस्टिकचे असतात आणि रिमोटकडून येणारी आज्ञा अवरक्त किरणांनी अथवा रेडिओ लहरींनी पोहोचते. येथे रुळांचा विजेशी काहीही संबंध नसतो.

दुसरी जात रुळांतून वीज घेणाऱ्या साध्या गाड्यांची. रूळ धातूचे असतात. भिंतीवरील अॅडॉप्टर आणि नियंत्रक यांच्याद्वारे रुळांत जास्तीत जास्त १२ व्होल्टच्या आसपास एकदिश वीज सोडली जाते. व्होल्टेज वाढविले की वेग वाढतो आणि विजेची दिशा उलटविली की गाडी मागे जाते.

तिसरी जात डिजिटल गाड्यांची. यात रुळांत सतत ठरावीक व्होल्टेज असते, एचओ गाड्यांसाठी साधारण १४ ते १६ व्होल्ट, आणि त्याच विजेतून सांकेतिक संदेश पाठविले जातात. इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाचा संदेश ओळखून मोटर फिरवितो. हातातील रिमोट इंजिनाशी थेट बोलत नाही; तो आज्ञा केंद्राशी बोलतो आणि केंद्र रुळांशी.

जात कोणतीही असो, इंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात : ऊर्जा, आज्ञा आणि गती. वीज पोहोचली पाहिजे, आज्ञा समजली पाहिजे आणि मोटरचे फिरणे चाकापर्यंत गेले पाहिजे. या तिन्हींची तपासणी याच क्रमाने करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे पथ्यही तितकेच महत्त्वाचे. सेल बदलले, रूळ पुसले, तेल घातले आणि इंजिन सुरू झाले, तर नेमका दोष कोणता होता हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

सेल नवा, तरी दगा

सेलवरील गाडीत पहिला संशय सेलवरच घ्यावा. मात्र 'नवाच सेल घातला आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. थकलेला सेल मल्टिमीटरवर दीड व्होल्टच्या जवळपास आकडा दाखवू शकतो. परंतु मोटरचा भार पडताच त्याचे व्होल्टेज कोसळते. रिमोटवरील दिव्याला अत्यल्प वीज पुरते, म्हणून दिवा लागतो आणि फसगत होते. एकाच खेळण्यात नवे-जुने किंवा वेगवेगळ्या प्रकारचे सेल एकत्र घालणे टाळावे. पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेलच्या सेलचे व्होल्टेज १.२ असते. त्यामुळे चार साध्या सेलपासून ६ व्होल्ट मिळत असतील, तर तेथे या सेलपासून ४.८ व्होल्टच मिळतात. काही गाड्या तेवढ्यावर सुखेनैव चालतात, काही मात्र चढावर मान टाकतात.

त्यानंतर सेलच्या कप्प्यातील स्प्रिंग आणि पत्र्याची टोके पाहावीत. महिनोन्महिने सेल आत राहिले असतील, तर तेथे पांढरी किंवा हिरवट भुकटी साचलेली दिसते. अल्कलाइन सेलमधून झिरपणारा द्रव दाहक असतो. तो हाताला किंवा डोळ्याला लागू देऊ नये आणि हे काम मुलांकडे सोपवू नये. हातमोजे घालून, कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून टोक पुसावे, मग पाण्याने ओलसर केलेल्या काडीने स्वच्छ करावे आणि पूर्ण वाळू द्यावे. केवळ एवढ्याने अनेक 'मेलेली' इंजिने जिवंत होतात.

ऊर्जा ठीक असेल, तर आज्ञेकडे वळावे. अवरक्त किरणांचा रिमोट तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे पुढचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यात जांभळट-पांढऱ्या ठिपक्यासारखा लुकलुकतो. मागील कॅमेऱ्यात दिसला नाही, तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहावे. कारण काही फोनमध्ये मागील भिंगावर असे किरण अडविणारा पडदा असतो. ठिपका दिसत असूनही गाडी हलत नसेल, तर ती खिडकीतून येणाऱ्या प्रखर उन्हापासून दूर नेऊन पाहावी. भर दुपारच्या उन्हात इंजिनावरील संवेदक अक्षरशः दिपून जातो आणि रिमोटची हाक त्याला ऐकू येत नाही.

रेडिओ लहरींच्या रिमोटला उन्हाची बाधा नसते. त्याची दुखणी निराळी. २.४ गिगाहर्ट्झच्या खेळण्यांत रिमोट व इंजिन यांची ओळख पटवून देण्याची एक ठरावीक पद्धत असते. बहुधा आधी इंजिन आणि मग रिमोट सुरू करावा लागतो, तर काहींमध्ये याउलट. सेल बदलल्यानंतर ही ओळख पुसली गेलेली असू शकते. म्हणून सोबतच्या पत्रकातील क्रम पुन्हा पाळून पाहावा. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या दोन सारख्या गाड्या शेजारी-शेजारी असतील, तर एकाचा रिमोट दुसऱ्याच्या इंजिनात ढवळाढवळ करतो. गाडी पुढे जाते पण मागे येत नाही, असा प्रकार असल्यास प्रथम रिमोटमधील रबरी बटणाखालचा काळा ठिपका कोरड्या कापसाने पुसावा. तरीही फरक पडला नाही, तर इंजिनातील दिशा बदलणाऱ्या परिपथात बिघाड असण्याची शक्यता बळावते.

रुळांचा जबाब

धातूच्या रुळांची गाडी बंद पडली, तर इंजिनाला हात लावण्यापूर्वी रुळांचा जबाब नोंदवावा. त्यासाठी एकच प्रश्न पुरेसा असतो : इंजिन नेहमी त्याच ठिकाणी थांबते की कोठेही थांबते? त्याच ठिकाणी थांबत असेल, तर दोष रुळात असतो. कोठेही थांबत असेल, तर तो इंजिनात किंवा वीजपुरवठ्यात असतो. दुसरे चालू इंजिन हाताशी असल्यास ते त्याच रुळावर ठेवावे. तेही अडखळले, तर पहिले इंजिन निर्दोष सुटले.

रुळांवर काळसर थर कसा साचतो, हे समजून घेण्यासारखे आहे. चाक आणि रूळ यांच्या स्पर्शबिंदूवर सूक्ष्म ठिणग्या पडतात. त्यांमुळे धातूचा पृष्ठभाग काळवंडतो. त्यात हवेतील धूळ, गालिच्याचे तंतू आणि इंजिनातून झिरपलेले तेल मिसळते. बालाघाटच्या पठारावर उन्हाळ्यात घरात येणारी कोरडी धूळ हे काम अधिकच झपाट्याने करते. हा थर वीज वाहू देत नाही. बोटाने ढकलले की चार इंच जाते आणि पुन्हा थांबते, हे त्याचे ठळक लक्षण होय.

उपाय सोपा आहे. वीज बंद करावी, न सुटणाऱ्या तंतूंच्या कापडावर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळांचा माथा पुसावा आणि कापड काळे होणे थांबेपर्यंत ते बदलत राहावे. हा द्रव ज्वालाग्राही असतो. देवघरातील समई किंवा गॅसची शेगडी जवळ नसावी. पॉलिश पेपरने रूळ घासण्याचा मोह आवरावा. त्याने पडणाऱ्या बारीक ओरखड्यांत घाण पूर्वीपेक्षा लवकर बसते. नखपॉलिश काढण्याचे द्रावण आणि थिनर प्लॅस्टिक विरघळवितात. ती वापरूच नयेत.

रूळ स्वच्छ करूनही नियंत्रकापासून दूर गेल्यावर वेग मंदावत असेल, तर जोडपट्ट्या तपासाव्यात. दोन रूळ जोडणारी पत्र्याची छोटी पट्टी, रेल्वेच्या भाषेतील फिशप्लेट, सैल झाली की प्रत्येक सांध्यावर थोडे थोडे व्होल्टेज गळते. चिमट्याने ती अलगद दाबून घट्ट करता येते. मोठ्या मांडणीत नियंत्रकापासून आणखी एक तारांची जोडी घेऊन दूरच्या रुळांना वीज पुरविणे हा कायमचा उपाय ठरतो.

गाडी रुळावर ठेवताच नियंत्रकाचा दिवा विझला किंवा तो टिकटिकू लागला, तर दोन्ही रूळ कोठेतरी परस्परांना जोडले गेले आहेत, असे समजावे. खऱ्या रेल्वेत अनेक ठिकाणी हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणली जाते. रुळांत सौम्य वीज सोडलेली असते. गाडीची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात आणि त्यावरून सिग्नल यंत्रणेला 'मार्गावर गाडी आहे' हे कळते. प्रतिरूपात मात्र एका बाजूचे चाक दुसऱ्यापासून विजेच्या दृष्टीने तोडलेले असते. तेथे रुळावर पडलेली केसांची पिन, पेपर क्लिप किंवा घसरलेले एखादे चाक सारी मांडणी बंद पाडते. मार्ग फिरून स्वतःलाच उलट दिशेने मिळत असेल, तर डावा रूळ उजव्याला भेटतो आणि सर्व काही नवे असूनही शॉर्ट सर्किट होते. अशा फेऱ्यात दोन्ही टोकांना रूळ विजेपासून तोडून मधल्या तुकड्याला स्वतंत्र पुरवठा द्यावा लागतो.

एका केसाची करामत

रूळ निर्दोष ठरले की इंजिन उलटे करावे. ते मऊ कापडावर ठेवावे, म्हणजे छपरावरचे नाजूक भाग तुटत नाहीत. चाकांच्या कडांवर काळा थर दिसला, तर तोच कापसाचा बोळा येथेही वापरावा. त्यानंतर चाकांच्या पाठीला टेकणाऱ्या तांब्याच्या पातळ पट्ट्या पाहाव्यात. त्या चाकातून वीज घेऊन मोटरकडे नेतात. त्या वाकून चाकापासून दूर गेल्या असतील, तर टोकदार काडीने हलकेच जागेवर आणाव्यात.

साध्या रूळ-विजेच्या इंजिनाची मोटर तपासण्यासाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन तारा पुरेशा असतात. एक तार एका बाजूच्या चाकाला आणि दुसरी दुसऱ्या बाजूच्या चाकाला क्षणभर टेकवावी. चाके फिरली, तर मोटर शाबूत आहे आणि दोष रुळात किंवा नियंत्रकात आहे. चाके फिरली नाहीत, तर त्या तारा थेट मोटरच्या टोकांना लावून पाहाव्यात. तेथे मोटर फिरली, तर मधली तार किंवा डाग सुटलेला आहे. डिजिटल आणि सेलवरील इंजिनांवर हा प्रयोग करू नये. आतील पट्टीला धोका पोहोचू शकतो.

आवाज हा तपासणीतील मोठा साक्षीदार असतो. मोटर गुंजते पण फिरत नाही, तर काहीतरी अडकलेले असते. आसाभोवती गुंडाळलेला लांब केस किंवा गालिच्याचा धागा हे त्याचे नेहमीचे कारण. चिमटा आणि बारीक कात्रीने तो सोडविता येतो. मोटर वेगाने फिरते पण चाके स्थिर, तर दोहोंमधील जोडनळी किंवा दातेरी चाक सुटलेले असते. चाके फिरताना ठरावीक अंतराने 'टक्-टक्' असा आवाज येत असेल, तर आसावरील प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाला चीर गेलेली असू शकते. वर्षानुवर्षांत प्लॅस्टिक आक्रसते आणि धातूच्या आसावर ताणून बसलेले चाक फुटते. चिकटवून हा दोष फार काळ झाकत नाही. नवे दातेरी चाक घालणे हाच खरा उपाय.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे हात सैल सुटतो. कुरकुर ऐकू आली की घरातील खोबरेल तेल घालण्याची सवय अनेकांना असते. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. धाराशिवच्या थंडीत ते इंजिनातच घट्ट होऊन बसते आणि पुढे त्यावर धूळ चिकटते. प्लॅस्टिकला अपाय न करणारे हलके यंत्रतेल घ्यावे आणि सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब आसाच्या टोकाला द्यावा. काही इंजिनांच्या चाकांवर पकडीसाठी रबरी कडी बसविलेली असते. तिच्यावर तेल गेले, तर चाके जागच्या जागी फिरतात आणि गाडी हलत नाही. कडी सैल झाली किंवा तडकली असल्यास ती बदलावी.

क्रमांक विसरलेले इंजिन

डिजिटल इंजिनाच्या दुखण्याचे स्वरूप आणखी निराळे असते. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात ठरविलेल्या मानकानुसार रुळांतील वीज अत्यंत जलद दिशा बदलते. तिच्या छोट्या स्पंदाचा अर्थ 'एक' आणि लांब स्पंदाचा अर्थ 'शून्य'. छोट्या स्पंदाचा निम्मा भाग सुमारे ५८ मायक्रोसेकंदांचा, तर लांब स्पंदाचा १०० मायक्रोसेकंद किंवा अधिक असतो. या एक-शून्यांतूनच 'अमुक क्रमांकाच्या इंजिनाने अमुक वेगाने जावे' हा संदेश तयार होतो. रूळ अस्वच्छ असेल, तर येथे वीज आणि आज्ञा दोन्ही एकदमच तुटतात. इंजिन मध्येच थबकते, दिवे लुकलुकतात, ध्वनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून डिजिटल गाडीतही पहिला उपाय रूळ पुसणे हाच.

रूळ स्वच्छ, दिवे चालू, तरीही इंजिन ढिम्म, अशा वेळी क्रमांक तपासावा. नव्या डिकोडरचा क्रमांक बहुधा ३ असतो. कोणी तो बदलून विसरले असेल, तर रिमोट भलत्याच इंजिनाला हाका मारत राहतो. आणखी एक फसवे कारण आहे. दोन इंजिने जोडून एकत्र चालविण्यासाठी डिकोडरच्या १९ व्या नोंदीत एक सामाईक क्रमांक लिहिला जातो. नंतर इंजिने वेगळी केली, पण ती नोंद शून्य केली नाही, तर इंजिन वेगाच्या बाबतीत स्वतःच्या क्रमांकाला ओ देत नाही. दिवे लागतात, चाके फिरत नाहीत आणि मालक डिकोडर जळाला असे समजतो. वास्तविक एक आकडा पुसण्याचा तो प्रश्न असतो. २९ व्या नोंदीत लहान क्रमांक वापरावयाचा की मोठा, साध्या रुळावर चालू द्यावे की नाही, यांसारख्या बाबी ठरतात. सारेच गोंधळले असेल, तर अनेक कंपन्यांच्या डिकोडरमध्ये ८ व्या नोंदीत ८ हा आकडा लिहिला की मूळ स्थिती परत येते. मात्र आपल्या डिकोडरच्या पुस्तिकेत तसे नमूद आहे का, हे आधी पाहावे. हे काम स्वतंत्र प्रोग्रॅमिंग रुळावर, फक्त तेच इंजिन ठेवून करावे. अन्यथा मुख्य मार्गावरील सर्व इंजिनांचे क्रमांक एकाच वेळी बदलण्याची भीती असते.

कोठे थांबावे

काही ठिकाणी घरगुती दुरुस्तीने थांबलेच पाहिजे. भिंतीवरील अॅडॉप्टरमध्ये २३० व्होल्टची वीज येते. तो उघडू नये, बिघडल्यास त्याच व्होल्टेजचा आणि पुरेशा क्षमतेचा नवा घ्यावा. फुगलेली लिथियम बॅटरी दाबणे, टोचणे किंवा पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते. मोटरचा जळका वास आला किंवा ती हाताला चटका बसेल इतकी तापली, तर वीज तत्काळ तोडावी आणि अडथळ्याचे कारण सापडेपर्यंत पुन्हा जोडू नये.

सर्वांत मोठा धोका मात्र सर्वांत लहान वस्तूचा आहे. काही रिमोटमध्ये असणारा गोल चपटा बटण सेल लहान मुलाने गिळला, तर तो अन्ननलिकेत अडकून अवघ्या दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. असा नुसता संशय आला, तरी मुलाला उलटी करविण्याचा प्रयत्न न करता तातडीने रुग्णालयात न्यावे. सेलच्या कप्प्याचा स्क्रू हरवला म्हणून झाकण चिकटपट्टीने बसविणे हा काटकसरीचा नव्हे, निष्काळजीपणाचा प्रकार होय.

गाडी खोक्यात ठेवताना सेल काढून ठेवावेत. खोक्यात एक चिठ्ठीही टाकावी : कोणता दोष आढळला, काय केल्याने तो गेला, इंजिनाचा क्रमांक कोणता. पुढच्या दिवाळीत ती चिठ्ठी तासाभराची शोधाशोध वाचविते. ती मुलाच्या हस्ताक्षरात असली, तर अधिक उत्तम. दोष कोठे आहे हे अंदाजाने न सांगता एकेक शक्यता तपासून ठरविणे, हा धडा त्याला या खेळातून आपोआप मिळतो. खऱ्या रेल्वेच्या कार्यशाळांतही काम याच रीतीने चालते.

येडशी-ढोकीच्या अडीच फुटी रुळांवरून आता गाडी धावत नाही. परंतु ९ मिलिमीटरच्या रुळावर, दिवाणखान्यातील एखाद्या पाटावर, ती पुन्हा धावू शकते. त्यासाठी माळ्यावरचे खोके खाली काढून पहिल्यांदा सेलची टोके पाहावी लागतील.

थोडक्यात तपासणी

- गाडी सेलवरची, साध्या रूळ-विजेची की डिजिटल, हे आधी ठरवावे.
- ऊर्जा, आज्ञा, गती याच क्रमाने तपासावे. एका वेळी एकच बदल करावा.
- एकाच जागी थांबते : रूळ व जोडपट्टी पाहावी. कोठेही थांबते : चाके व वीज घेणाऱ्या पट्ट्या पाहाव्यात.
- दिवे लागतात पण हालचाल नाही : क्रमांक, रिमोटची जोडणी, मग मोटर.
- मोटर गुंजते पण चाके अडलेली : केस, धागा. मोटर फिरते पण चाके स्थिर : दातेरी चाक किंवा जोडनळी.
- रूळ अल्कोहोलने पुसावेत. पॉलिश पेपर, थिनर आणि खोबरेल तेल टाळावे.
- अॅडॉप्टर उघडू नये. बटण सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये.